गाडीच्या नकाशात आपले गाव

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. पहाटे साडेतीनला गावाहून फोन आला. आमच्या फूफीचा इंतेकाल झाला होता. इन्ना लिल्लाह पढलो आणि तयारीला लागलो. पावसाचा जोर वाढायच्या आत, सकाळी दहाला मय्यत उचलायची असे जमातीने ठरवले होते. पनवेलहून मंडणगड तालुक्यातले आमचे गाव चार-साडेचार तासांचे. वेळ पुरेसा होता.

एरवी गावी जाताना अब्बा पुढच्या सीटवर बसतात आणि वळणे सांगतात. त्या दिवशी ते आधीपासून गावीच होते. आमची गाडी जुनी घेतलेली, पण तिच्यात कंपनीने बसवलेले नेव्हिगेशन होते. स्क्रीनवर गावाचे नाव टाकले. यादीत त्याच नावाची तीन गावे आली. घाईत आणि अंधारात वरचे नाव दाबले आणि निघालो.

माणगाव गेले, महाड गेले. गाडीतली बाई शांतपणे सरळ जायला सांगत होती. पोलादपूर जवळ आले तेव्हा मागे तस्बीह पढत बसलेल्या अम्मी म्हणाल्या, "अरे, आपण आंबेतचा पूल कधी ओलांडला?"

पूल ओलांडलाच नव्हता. लोणेरे फाट्यावरून गोरेगावकडे वळायचे, तिथून आंबेत, मग सावित्री ओलांडून म्हाप्रळ, ही आमची वाट. ती तासाभरापूर्वीच मागे पडली होती. यंत्र आम्हाला त्याच नावाच्या दुसऱ्या गावाकडे नेत होते. गाडी फिरवली. लोणेऱ्यापर्यंत परत यायला पावसाने आणखी वेळ घेतला. गावात पोहोचलो तेव्हा मिट्टी देऊन लोक परतत होते. ज्या फूफीने आम्हाला कुरआन पढायला शिकवले, तिला मूठभर माती देणे आमच्या नशिबात नव्हते. अब्बा कब्रस्तानच्या फाटकाशी उभे होते. रागावले नाहीत. "वाटेत पाऊस फार होता का?" एवढेच विचारले.

कित्येक दिवस आम्ही यंत्राला दोष देत होतो. नंतर लक्षात आले की यंत्राला तीन गावांची नावे ठाऊक होती, पण त्यातले आमचे कोणते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगण्याची सोय त्याच गाडीत होती, आणि आम्ही गाडीसोबत मिळालेली पुस्तिका कधी उघडली नव्हती.

नकाशात काय असते, काय नसते

गाडीत बसवलेल्या नेव्हिगेशनचा नकाशा गाडीच्याच मेमरीत किंवा छोट्या कार्डावर असतो. आपण कुठे आहोत हे ते उपग्रहांकडून ओळखते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की जागा ठरते. त्यासाठी मोबाइलचे नेटवर्क लागत नाही. घाटात फोन मुका होतो तिथेही हे चालते, हा त्याचा मोठा फायदा.

या नकाशात रस्त्यांबरोबर काही ठिकाणे आधीच भरलेली असतात. पेट्रोल पंप, हॉटेल, बँकेचे एटीएम, मोठी इस्पितळे. इंग्रजीत त्यांना 'पॉइंट ऑफ इंटरेस्ट', थोडक्यात पीओआय म्हणतात. ही यादी नकाशा बनवणाऱ्या कंपन्या तयार करतात, तेव्हा जी ठिकाणे पुष्कळांच्या कामाची तीच तिच्यात येतात. आमचा मोहल्ला, खालाचे घर, स्त्रियांना नमाजासाठी जागा असलेली हमरस्त्यावरची मशीद, रात्री दार उघडणारा डॉक्टर, यातले काही तिच्यात नसते. त्यात नकाशा जुना असला तर नवे रस्तेही नसतात. कशेडी घाटाला आता बोगद्याचा पर्याय आहे, पण जुना नकाशा घाटातूनच नेतो.

ही उणीव भरून काढायला बहुतेक गाड्यांत आपली स्वतःची ठिकाणे जोडण्याची सोय असते.

अर्ज-उल-बलद आणि तूल-उल-बलद

मराठीत अक्षांश आणि रेखांश, उर्दूत अर्ज-उल-बलद आणि तूल-उल-बलद. शाळेत हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. मुले व्याख्या पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. आम्हीही विसरलोच होतो. पृथ्वीवरच्या कोणत्याही जागेचा पत्ता या दोन आकड्यांत मावतो, ही गोष्ट फळ्यावर लिहिताना जेवढी कळली नव्हती तेवढी त्या सकाळनंतर कळली.

आपल्या वडीलधाऱ्यांना याचे मोल चांगले ठाऊक होते. अल्-बिरूनीने १०२५ साली पूर्ण केलेला 'तहदीद' हा ग्रंथ शहरांचे अक्षांश-रेखांश नेमके कसे काढावेत याविषयीच आहे. गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक कळावी हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावरून क्षितिजाचा कोन मोजून त्याने पृथ्वीच्या त्रिज्येचाही हिशोब मांडला. त्याला वर्षे लागली. आपल्याला तेच दोन आकडे फोनवर बोट दाबून मिळतात.

गूगल मॅप्स उघडा आणि हव्या त्या जागेवर बोट क्षणभर दाबून धरा. लाल खूण उमटते आणि १८.०१२३४, ७३.२३४५६ अशा धर्तीचे दोन आकडे दिसतात. पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५ ते २२ च्या दरम्यान आणि रेखांश ७२ ते ८१ च्या दरम्यान असतो. दशांश चिन्हापुढे चार आकडे असतील तर जागा सुमारे अकरा मीटरपर्यंत नेमकी होते, पाच असतील तर जवळजवळ एका मीटरपर्यंत. म्हणून किमान पाच आकडे लिहावेत.

ठिकाण जोडण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत सोपा. त्या जागी गाडी उभी करा आणि स्क्रीनवर आपली सध्याची जागा 'आवडीची ठिकाणे' या यादीत नोंदवा. बहुतेक सगळ्या नेव्हिगेशनमध्ये हे करता येते. आकडे लिहायला नकोत, चूक व्हायला नको. फक्त तिथे एकदा जावे लागते.

दुसरा मार्ग आकडे हाताने भरण्याचा. नेव्हिगेशनमध्ये पत्ता शोधण्याच्या पानावर पुष्कळदा अक्षांश-रेखांश भरण्याचाही पर्याय असतो. गावाकडच्या भावाने व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवले की त्यातले आकडे इथे टाकायचे आणि नाव देऊन जतन करायचे. पाच-दहा ठिकाणांसाठी एवढे पुरते.

तिसरा मार्ग फाइलचा. पन्नास-साठ ठिकाणे असतील तर ती संगणकावर एका तक्त्यात लिहून पेन ड्राइव्ह किंवा कार्डाने एकदम गाडीत घालता येतात. हे सगळ्या गाड्यांत होत नाही. फोक्सवॅगन, स्कोडा, आऊडी यांच्या काही नेव्हिगेशनमध्ये अशी सोय आहे. काचेला चिकटवायच्या गार्मिनच्या यंत्रासाठी 'पीओआय लोडर' नावाचा प्रोग्राम मिळतो, तो सीएसव्ही आणि जीपीएक्स प्रकारच्या फाइल घेतो. टॉमटॉमची यंत्रे ओव्ही२ नावाची फाइल वापरत आली आहेत. गूगलच्या 'माय मॅप्स'मध्ये खुणा करून त्यांची केएमएल फाइल उतरवता येते. आपली गाडी यातले काय घेते ते तिच्या पुस्तिकेत पाहावे. 'वैयक्तिक ठिकाणे' अशा अर्थाच्या मथळ्याखाली ते सापडते.

गाडीची स्क्रीन फोनला जोडून फोनचाच नकाशा दाखवणारी असेल, तर काम आणखी हलके. फोनमध्ये जतन केलेली ठिकाणे स्क्रीनवरही मिळतात. पण अशा वेळी गावाकडच्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावा, नाहीतर घाटात पंचाईत होते.

आमच्या चुका

आमची गाडी फाइल घेणारी निघाली. अकरावीतल्या मुलाने एका संध्याकाळी चाळीस ठिकाणांची फाइल बनवली, मोठ्या उत्साहाने गाडीत घातली, आणि नकाशावर आमच्या गावाभोवती एकही खूण दिसेना. शोधता शोधता सगळी ठिकाणे सापडली ती युरोपात, नॉर्वेच्याही उत्तरेला, समुद्रात! गूगल मॅप्स अक्षांश आधी देते. आमच्या फाइलला रेखांश आधी हवा होता, जसा तो गार्मिनच्या सीएसव्ही फाइलला आणि केएमएललाही लागतो. आकड्यांची जागा बदलली आणि आमचे कोकण उत्तर ध्रुवाकडे गेले. धाकटी म्हणाली, "अब्बाजानना आता बर्फात राहावे लागणार." घरात त्या दिवशी खूप दिवसांनी सगळे हसलो.

दुसरी चूक अंश-मिनिटांची. एका जुन्या कागदावर १८ अंश ३० मिनिटे असे लिहिले होते. आम्ही ते १८.३० असे भरले. साठ मिनिटांचा एक अंश होतो, म्हणून ते १८.५० हवे होते. हा फरक जमिनीवर सुमारे बावीस किलोमीटरचा पडतो.

तिसरी चूक एक्सेलची. तक्त्याचा रकाना दशांशाचे दोनच आकडे दाखवत होता. सीएसव्ही फाइल जतन करताना जे दिसते तेच उतरते, आणि ठिकाण पाचशे मीटरहूनही जास्त सरकू शकते. रकान्यात आधी पाच आकडे दिसतील असे करून घ्यावे.

चौथी नावांची. नावात स्वल्पविराम घातला तर पुढचा मजकूर भलत्या रकान्यात जातो. देवनागरी किंवा उर्दू नावे काही स्क्रीनवर नुसते चौकोन म्हणून दिसतात. आम्ही शेवटी रोमन लिपीत छोटी नावे लिहिली. एकच शब्द प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने लिहावा, नाहीतर शोधताना सापडत नाही. दवाखाने, मशिदी, नातेवाईक अशा वेगवेगळ्या फाइली ठेवाव्यात. गार्मिनमध्ये तर प्रत्येक फाइलचा आपोआप एक वेगळा वर्ग होतो.

पाचवी चूक सर्वांत महत्त्वाची, कारण ती संगणकावर दिसत नाही. गाडी खुणेपर्यंत जात नाही, खुणेला सर्वांत जवळ असलेल्या रस्त्यापर्यंत जाते. खाडीकाठच्या एका घराची खूण आम्ही छपरावर केली होती. नकाशातला जवळचा रस्ता निघाला समोरच्या काठावर. गाडी आम्हाला पाण्यापलीकडे नेऊन "आपण पोहोचलात" म्हणाली असती. म्हणून खूण घरावर करू नये. गाडी जिथे थांबवता येते, वळवता येते, तिथे करावी. पुढे बोळ अरुंद असेल तर नावातच 'इथे थांबा' असे लिहावे.

कोणती ठिकाणे घ्यावीत

प्रत्येक घराची यादी वेगळी होईल. आमची सांगतो.

आधी दवाखाने. वाटेवरचे आणि गावाजवळचे, रात्री खरोखर उघडे असणारे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात साप-विंचवावरची लस ठेवतात का, हे आम्ही स्वतः जाऊन विचारले आणि मगच नोंदवले. फोन नंबरही सोबत लिहिले. मग पेट्रोल पंप आणि पंक्चर काढणारे. मग नमाजाची ठिकाणे. पुरुषांना वाटेत कुठेही मशीद सापडते. पण अम्मी, पत्नी आणि मुलगी यांना वुजू करायला आडोसा, स्वच्छ शौचालय आणि नमाजाला जागा कुठे मिळेल, हा प्रश्न दर प्रवासात असतो. अम्मी तर प्रवासाच्या दिवशी पाणीच कमी पितात, हे आम्हाला इतक्या वर्षांनी कळले. पनवेल ते मंडणगड अशी चार ठिकाणे आम्हाला सापडली. फाइलमधल्या या चार ओळींवर अम्मी सर्वांत खूश आहेत.

मग नातेवाईकांची घरे, कब्रस्ताने आणि ईदगाह. शिवाय रस्त्यातल्या धोक्याच्या जागा, जसे पावसात पाणी चढणारी मोरी किंवा दरड कोसळते ते वळण. काही यंत्रांत अशी जागा जवळ आली की सूचना वाजते. पर्यायी रस्त्याचा फाटाही नोंदवावा. मध्यंतरी आंबेतचा पूल दुरुस्तीसाठी वाहतुकीला बंद होता, तेव्हा लोक पुलापाशी येऊन परत फिरत होते.

अब्बांबरोबर दोन दिवस

ही ठिकाणे गोळा करायला आम्ही मे महिन्याच्या सुट्टीत अब्बांना पुढच्या सीटवर बसवून दोन दिवस फिरलो. अब्बा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी हा प्रदेश एसटीने आणि पायी पालथा घातलेला. त्यांचा नकाशा डोक्यात होता आणि खुणा झाडांच्या होत्या. "पुढे मोठी चिंच लागेल, तिथून डावीकडे." पण रुंदीकरणात चिंच गेली होती. अब्बा थोडा वेळ गप्प बसायचे, मग म्हणायचे, "इथेच होती." आम्ही गाडी थांबवून जागा नोंदवायचो. दोन-तीनदा त्यांनाही वाट ओळखता आली नाही. हे आम्ही पहिल्यांदा पाहत होतो. आमच्या खानदानातले कोण कुठे राहते, कोणत्या वाडीत कोणाचे घर होते आणि आता तिथे कोण आहे, हे सगळे एका माणसाच्या आठवणीवर उभे होते, आणि आम्ही ते कधी विचारून घेतले नव्हते.

शेवटी गावच्या कब्रस्तानपाशी आलो. मुलाने मध्यभागी, फूफीच्या कबरीजवळ खूण केली होती. अब्बांनी ती पुसायला लावली. म्हणाले, "आत गाडी येत नाही, बेटा. विहिरीकडच्या फाटकाशी खूण कर. मला आणाल तेव्हा गाडी तिथेच उभी राहील. उशीर करू नका."

मुलाने मान खाली घालून खूण बदलली. ती खूण आता गाडीत आहे. अल्लाह अब्बांना दीर्घायुष्य देवो.

थोडी सावधगिरी

'घर' म्हणून जतन केलेली खूण आपल्या दारावर करू नये, जवळच्या चौकात करावी. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीला दिली तर कोणालाही आपले घर सापडू नये. गाडी विकताना सगळी ठिकाणे पुसून टाकावीत. नातेवाईकांच्या घरांची यादी दुसऱ्याला देण्याआधी त्यांना विचारावे. नकाशाचे कार्ड गाडीतच असेल तर ते कधीही फॉरमॅट करू नये, नकाशाच जाईल. फाइलची एक प्रत संगणकावर आणि एक छापील प्रत गाडीच्या खणात ठेवावी, कारण नवा नकाशा घालताना आपली ठिकाणे कधी कधी पुसली जातात. गाडी चालवताना स्क्रीनशी खेळू नये. ते काम शेजारी बसलेल्याचे. वर्षातून एकदा यादी तपासावी, दवाखाने बंद होतात, पंप हलतात. आणि कोणतेही नवे ठिकाण भरले की घरी बसूनच नकाशावर उघडून पाहावे, ते नॉर्वेत तर गेले नाही ना!

२०२५ मध्ये टपाल खात्याने 'डिजिपिन' नावाचा दहा अक्षर-आकड्यांचा पत्ता आणला आहे. तोही अक्षांश-रेखांशांवरूनच तयार होतो आणि सुमारे चार मीटरच्या चौकोनापर्यंत जागा सांगतो. ज्या घरांना गल्ली नाही, क्रमांक नाही, त्यांनाही तो मिळतो. गावाकडच्या घरांचा डिजिपिनही यादीत लिहून ठेवावा. पुढे उपयोगी पडेल.

वाचकहो, वाट चुकलेल्याला वाट दाखवणे हा आपल्या दीनमध्ये सदका मानला आहे. आम्ही आमची फाइल भावंडांना, चुलत-मावस घरांना दिली. गावातली दोन तरुण मुले आता आसपासच्या वाड्यांची ठिकाणे जोडत आहेत. गेल्या रमजानमध्ये मुंबईहून एक कुटुंब रात्री आजारी आजीला भेटायला आले, ते न विचारता दारापर्यंत पोहोचले. त्यांच्या फोनवर आमचीच यादी होती.

येत्या ईदला गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वडील माणसाला पुढच्या सीटवर बसवा. ते सांगतील तिथे गाडी थांबवा आणि नोंद करा. यंत्र नसेल तर साध्या वहीत करा. दोन दिवस जातील. आम्ही ते दोन दिवस एक वर्ष आधी दिले असते, तर फूफीच्या कबरीवर आमचीही मूठभर माती पडली असती.